दुसरं मुसळ

“मग बाकीच्या अक्षरांचं काय करायचं?”

असं मी विचारलं, की ‘बाकीची अक्षरं टाकून द्यायची का’ असं विचारलं, हे आता खात्रीने सांगता येत नाही. माझी आठवण अलीकडे भरवशाची राहिलेली नाही. गावं, माणसं, वर्षं यांची सरमिसळ होते. आणि जे अगदी स्वच्छ आठवतं ते तसंच घडलं होतं, की मीच मागाहून त्याला नीटनेटकं केलं, असा संशय येत राहतो. प्रश्न मी विचारला होता आणि वैतागून विचारला होता, एवढं मात्र नक्की.

एस्तेरबाई हिवाळे यांनी मान वर केली नाही. त्या मिरच्यांचे देठ काढत होत्या.

“बाई, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

“मग?”

…

एक देठ. दुसरा देठ.

बाई नगरला मिशनच्या आवारात एका बैठ्या घरात राहत. शिक्षिकांना शिकवणाऱ्या कॉलेजात त्यांनी हयातभर इंग्रजी उच्चार शिकवले होते आणि आता त्या निवृत्त होत्या. उंच, शिडशिडीत, पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. रेडिओवर इंग्रजी बातम्या देणारी दोन-तीन माणसं त्यांच्या हाताखालून गेली आहेत, असं मला पुण्यात कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून मी आलो होतो. नाहीतर इंग्रजी शिकायला कुणाकडे जाण्याची वेळ माझ्यावर यावी, हेच मला पटत नव्हतं.

इंग्रजी मला येत होतं. वाचायला, लिहायला, व्याकरणाच्या चुका काढायला, सगळं. माझा प्रबंध इंग्रजीत होता आणि त्याच्या भाषेची परीक्षकांनी स्तुती केली होती.

फक्त मी बोललो की इंग्रजांना कळत नसे.

आदल्या वर्षी मुंबईत इंग्लंडातल्या एका विद्यापीठाचं निवड मंडळ आलं होतं. संस्कृतच्या अध्यापकाची जागा होती. मी पाचेक मिनिटं बोललो असेन. मग मंडळाच्या अध्यक्षांनी समोरच्या चळतीतून एक कोरा कागद काढला, माझ्याकडे सरकवला आणि अत्यंत सौजन्याने सांगितलं, की आपण उत्तर लिहून दिलंत तर आम्हाला सोपं जाईल.

त्या वर्षी त्यांनी जागा रिकामीच ठेवली.

ज्या टीकाग्रंथावर मी उमेदीची वर्षं घातली, त्याची एकुलती एक पूर्ण हस्तलिखित प्रत त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. माझ्याकडे होत्या तिच्या धुरकट छायाप्रती. पानंच्या पानं काळी. तिथे गेल्याशिवाय ते काम पुरं होणं शक्य नव्हतं. मंडळ पुन्हा येणार होतं, आणि त्यानंतरच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसणार नव्हतो.

हे सगळं मी बाईंना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला एक उतारा मोठ्याने वाचायला लावला.

मी वाचला. स्पष्ट, खणखणीत. एकेक अक्षर सुटं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, प्रसन्न झाल्या.

“शास्त्रीबुवा,” त्या म्हणाल्या, “ही पंगत नाही.”

मी शास्त्री नव्हतो, डॉक्टरेट घेतलेला होतो. पण त्यांनी मला शेवटपर्यंत शास्त्रीबुवाच म्हटलं.

त्यांचं म्हणणं असं, की मी सगळ्या अक्षरांना एका ओळीत पाटावर बसवतो आणि सगळ्यांना सारखं वाढतो. इंग्रजीत तसं नसतं. एका वाक्यात दोघं-तिघंच पाटावर बसतात. बाकीचे येता-जाता, उभ्या उभ्या घास उचलतात आणि पुढे सरकतात.

मी म्हटलं, हा अन्याय आहे.

त्या म्हणाल्या, तो तुम्ही इंग्रजांना सांगा, पण त्यांना कळेल अशा इंग्रजीत सांगा.

माझी अडचण मी त्यांना परोपरीने समजावली. माझे वडील वैदिक होते. संथा देताना एखादं अक्षर माझ्या तोंडातून अर्धवट निघालं, तर ते रागवत नसत. नुसता हात वर करत, आणि मी सूक्त पहिल्यापासून म्हणायचं. अक्षर गिळणं म्हणजे देवाच्या नैवेद्यातलं चोरून खाणं, असं आमच्या घरी मानत. आता या वयात ही जीभ चोरी कशी करणार?

“म्हणजे पाप लागेल?”

“आमच्यात तसं समजतात.”

“मग लागू द्या. पापाची माफी मागायची सोय आमच्या देवळात आहे. रविवारी या.”

आत बाईंच्या वृद्ध नणंद बसल्या होत्या. बाई त्यांना वन्सं म्हणत, म्हणून मीही वन्संच म्हणू लागलो. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

असा आठवडा गेला. रोज मी वाचायचो, रोज बाई डोळे मिटायच्या. कुठे चुकलं विचारलं, की म्हणायच्या, चुकलं काहीच नाही. मग काय करू? तर पुढचा उतारा पुढे करायच्या.

माणसाला खात्री हवी असते. नियम हवा असतो. कुठल्या अक्षरावर जोर, कुठल्यावर नाही, हे मला लिहून द्या, मी पाठ करतो, असं मी त्यांना हात जोडून म्हटलं. पाठांतर हा माझा प्रांत होता.

“तुमचं पाठ होईल,” त्या म्हणाल्या, “यात मला शंकाच नाही.”

हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं, त्याने मी दिवसभर जळत होतो.

तर त्या दिवशी अंगणात मिरच्यांचा ढीग होता. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट कुटून ठेवायची त्यांच्याकडे पद्धत होती. अंगणाच्या मध्ये जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं आणि भिंतीला टेकून दोन मुसळं उभी होती. एका उखळात दोघींनी आळीपाळीने मुसळ घालायचं, असं ते काम. दरवर्षी शेजारच्या एक बाई जोडीला येत; त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. वन्संच्याने मुसळ उचलवत नव्हतं.

बाईंनी शेवटचा देठ काढला, हात झटकले आणि एक मुसळ माझ्यापुढे धरलं.

मला वाटलं, बाजूला ठेवायला सांगताहेत.

“धरा.”

“मी?”

“मुसळं दोन आहेत.”

“बाई, मी इंग्रजी शिकायला आलोय.”

“माहीत आहे मला. धरा.”

वैदिकाचा मुलगा मिशनच्या आवारात मिरच्या कुटतोय, हे वडिलांनी पाहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात आला. तो आल्याची मला लाज वाटली. आणि मग अशी लाज वाटून घेण्यातही काही ढोंग आहे का, असं वाटलं. एवढं होईपर्यंत बाईंचं मुसळ खाली आलेलं होतं.

वन्सं म्हणाल्या, “उखळात डोकं घातलंय ना बाबा? आता मुसळाला भिऊन कसं चालंल.”

मी मुसळ उचललं.

बाईंचं खाली, माझं वर. माझं खाली, त्यांचं वर. पाच-सहा घावांत जमलं. अवघड नव्हतं.

“आता बोला,” बाई म्हणाल्या. “मेन. ग्राइंड. सॉल्ट. तुमच्या एका घावाला एक शब्द.”

“पण आपण मिरची कुटतो आहोत. आणि मीठ…”

“बोला.”

मेन. ग्राइंड. सॉल्ट. तीन शब्द, तीन घाव. मधल्या जागेत त्यांचं मुसळ पडत होतं.

“आता हेच लांबवा. द मेन हॅव बीन ग्राइंडिंग द सॉल्ट. घाव तीनच. त्याच तीन शब्दांवर.”

मी बोलायला लागलो. द… मेन… हॅव… बीन… प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देत. साहजिकच माझं मुसळ वर थांबलं. अक्षरं संपेपर्यंत ते खाली कसं आणणार? मग आणलं, आणि बरोबर त्याच वेळी त्यांचंही आलं.

मुसळावर मुसळ आदळलं. माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

“तुम्ही थांबला नाहीत,” मी म्हणालो.

“नाही.”

“माझं वाक्य पुरं व्हायचं होतं.”

“मिरचीला काय त्याचं?”

पुन्हा. पुन्हा आदळलं. मी घाई केली तर शब्द तोंडात अडकायचे. सावकाश घेतलं तर मुसळं भिडायची. बाईंचा हात घड्याळासारखा चालला होता. मिरचीचा खकाणा उडायला लागला. नाकात आग, डोळ्यांत आग. एका शिंकेत माझा घाव चुकला आणि मुसळ उखळाच्या काठावर बसलं. वन्सं म्हणाल्या, दगड कुटू नका, तो वर्षभर पुरत नाही.

मी वाद काढला. मला वाद काढल्याशिवाय राहवत नाही, हे तेव्हाही खरं होतं. म्हटलं, वेदातही स्वर असतात. उदात्त असतो, अनुदात्त असतो. पण अनुदात्त खालचा आहे म्हणून आम्ही तो टाकत नाही.

“टाका असं मी कधी म्हटलं?”

“मग गिळायचा?”

“तेही नाही.”

“मग करायचं तरी काय, बाई?”

…

“नीट सांगा ना. मी काही अडाणी नाही.”

“तीच तर पंचाईत आहे.”

असं म्हणून त्यांनी मुसळ डोक्याच्या वर उचललं. आणि सोडलं.

दोन्ही हात मोकळे. पंजे उघडे, हवेत. मुसळ आपल्या वजनाने खाली गेलं, मिरचीत बसलं, जरासं उसळलं, आणि त्या उसळीवर त्यांनी ते पुन्हा धरलं.

“बघितलंत?”

“काय बघायचं?”

त्यांनी पुन्हा तसंच केलं. उचललं. सोडलं. धरलं.

“बाई, काय बघायचं ते तरी…”

“मी घाव घातला तेव्हा माझे हात कुठे होते?”

“मुसळावर.”

…

“नव्हते,” मी म्हणालो.

“चला. बोला.”

मी विद्वान होतो. मला वाटलं, समजलं. मीही मुसळ उचललं आणि झोकात सोडून दिलं. ते तिरकं जाऊन माझ्या अंगठ्यावर पडलं. वन्सं पदरात तोंड घालून इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी अंगठा धरून बसलो होतो. बाई मुसळ हातात घेऊन उभ्या होत्या, मी उठायची वाट पाहत.

मी उठलो.

अंगणात मी इंग्रजीतच बोलायचं, हा त्यांचा दंडक होता. रागाच्या भरात मी आतापर्यंत तो मोडतच आलो होतो. पण आता जो राग आला, त्या रागात मला नेमका दंडक आठवला. मुसळ मारत मारत मी त्यांना इंग्रजीत सुनावलं. काय सुनावलं, ते शब्द आज आठवत नाहीत. साधारण असं, की मला हे आणखी एक दिवसही सोसणार नाही. माझं आयुष्य पणाला लागलं आहे आणि तुम्ही माझ्याकडून घरची कामं करून घेता. तुम्हाला शिकवायचं नसेल तर तसं तोंडावर सांगा. बरंच काही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिरचीचंच होतं असं मी समजतो. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं खाली, माझं वर.

मग त्यांचं मुसळ थांबलं. पहिल्यांदाच.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की एवढ्या बोलण्यात मुसळं एकदाही आदळली नव्हती.

“मी काय म्हटलं?” मी मराठीत विचारलं. “बाई, मी आत्ता कसं म्हटलं?”

“मला काय माहीत? मी मिरची बघत होते.”

“पण बरोबर आलं ना? आलं असेल तर कसं आलं ते…”

“वन्सं,” बाई म्हणाल्या, “चाळणी आणा.”

शाबासकी त्या दिवशी मिळाली नाही, आणि नंतरही नाही. मिरची झाली, मग धणे, मग हळकुंडं. मी रोज जायचो, रोज कुटायचो, रोज बोलायचो. कधी जमायचं, कधी आदळायचं. जमलं की का जमलं ते कळायचं नाही. जमतंय का म्हणून लक्ष दिलं, की हटकून आदळायचं.

कुटणं संपलं त्या दिवशी बाईंनी मुसळं धुतली आणि उन्हात उभी केली. माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, झालं.

मला वाटलं, मिरची झाली असं म्हणताहेत. पण त्यांनी फाटकाची कडी काढली.

मुलाखत परवावर आली होती. माझ्या हातांना घट्टे पडले होते, नाकाची साल गेली होती, आणि आपल्याला काही येतं की नाही हे मला दोन आठवड्यांपूर्वी होतं त्याहून कमी ठाऊक होतं. एक नियम नाही, एक सूत्र नाही. फाटकाबाहेर जाऊन मी वळलो.

“बाई, इथे ठीक आहे. पण तिथे मुसळ कुठून आणू?”

त्या काहीतरी बोलल्या. चार शब्द असतील. मला वाटलं, शेवटच्या दिवशीही टोमणाच. मी नमस्कारही न करता निघालो.

मुंबईला तीच खोली, तेच लांब टेबल, कोऱ्या कागदांची तशीच चळत. अध्यक्षही तेच. मी बोलायला सुरुवात केली आणि पहिल्या वाक्यातच मला माझा आवाज ऐकू आला. सुटा, खणखणीत, एकेक अक्षर पाटावर. मी टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत होतो. संथा म्हणतानाही मी असाच एका जागी नजर लावून म्हणायचो. समोर कोण आहे याच्याशी तेव्हा संबंध नसे.

अध्यक्षांचा हात चळतीकडे गेला.

मी मान वर केली. बहुधा त्याच क्षणी मला बाईंचं ते फाटकापाशीचं बोलणं आठवलं.

टेबलापलीकडे एक म्हातारा गोरा माणूस उकाड्याने हैराण होऊन बसला होता. कॉलर भिजलेली, एक हात कानामागे धरलेला. दुसरा कागदावर. त्याला कळून घ्यायचं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघड होतं, की ते मला आदल्या वर्षी कसं दिसलं नाही, याचंच नवल वाटलं. मी त्या चेहऱ्याकडे बघून बोलत गेलो. हात मांडीवर होते. मला वाटतं, उघडे होते. पण हे मी मागाहून घातलं असेल.

कागद चळतीतच राहिला.

जागा मला मिळाली. हस्तलिखित मी डोळे भरून पाहिलं. ग्रंथ छापून झाला.

बाईंना मी तिकडून कळवलं तेव्हा उत्तरादाखल तिखटाचा एक डबा आला. बाकी काही नाही.

पुढे मी तिकडे बरीच वर्षं शिकवलं. निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी अडखळत यायचे, वैतागायचे, नियम मागायचे. त्यांना मी बाईंचं ते फाटकापाशीचं वाक्य सांगायचो. माझ्या बाई असं म्हणाल्या होत्या, म्हणून. त्यांना ते आवडायचं. काही जण उतरवून घ्यायचे. आणि प्रत्येक वेळी मला धास्ती वाटायची. बाई खरंच असं म्हणाल्या होत्या का? मी तर रागात होतो. पुढे चाललो होतो. त्या टेबलापाशी मला गरज पडली, तेव्हा ते मीच रचलं आणि बाईंच्या तोंडी घातलं, असं तर नाही? म्हणजे इतकी वर्षं मी एका मोठ्या शिक्षिकेच्या नावावर आपलाच माल खपवत होतो. विचारायचं तर बाई राहिल्या नव्हत्या.

निवृत्त होऊन परतल्यावर मी नगरला गेलो. वन्सं अजून होत्या, नव्वदीच्या घरात. खूप थकल्या होत्या, दिसत कमी होतं, पण ओळखलं. अंगठा बरा आहे का विचारलं. मी मुद्दामच त्या वाक्याचा विषय काढला नाही. माझा प्रश्न त्यांच्या तोंडात उत्तर घालील अशी मला भीती वाटत होती.

त्यांनी आपण होऊनच काढला. म्हणाल्या, “तुम्ही गेल्यावर मी वहिनीला बोलले होते. एवढा पोळलेला माणूस, त्याला शेवटचं तरी गोड बोलावं.”

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“मी इथंच होते की, पायरीवर. तुम्ही बाहेरून विचारलंत, तिथं मुसळ कुठून आणू म्हणून. आणि ती म्हणाली…”

वन्संनी डोळे मिटले.

“ती म्हणाली, ‘समोर माणूस असेल ना?’”